वाघमहाराजांचा कोवळा पाला

एका जंगलात, बाळांनो, त्या दिवशी मळभ दाटलं होतं. वारा नाही, ऊनही नाही. अशा हवेत भूक लागली की नाही तेच कळत नाही. नेमकं तेव्हाच वाघमहाराजांच्या मनात आलं, की प्रजेनं काय खावं ते एकदा ठरवून टाकावं.

समिती नेमली. अध्यक्ष कोल्हा.

कोल्हा म्हणाला, "आधी कोण काय खातं ते विचारू. मग ठरवू."

बोलणं शहाण्याचंच होतं, नाही म्हणता येणार नाही.

तो अस्वलाच्या दारी गेला. "काल काय खाल्लंत, अस्वलराव?"

अस्वलरावांच्या मिशीला मध लागला होता. पण सरकारी पाहुण्यापुढं हावरट कसं दिसावं? म्हणाले, "घेतला थोडा पाला."

अस्वलरावांच्या कड्याखाली, बिळात साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर हो, अंगभर काटे असतात ते. तीही म्हणाली, "पालाच." तोंडात कंद होता, म्हणून जरा बोबडं म्हणाली.

खुद्द वाघमहाराज दात कोरत म्हणाले, "आम्हीही पालाच. कोवळा."

हरणं तेवढी हळूच मागं सरकली.

मग दवंडी पिटली. "पाला खाऊन वाघ एवढा दणकट होतो. सबब सर्वांनी पालाच खावा."

अस्वलराव सरळ मनाचे. त्यांनी मध सोडला, वारुळं उकरणं सोडलं. पाला चघळत बसले. अंगातलं बळ हळूहळू गेलं. त्यांची गुहा उंच कड्यावर. ती चढवेना. पायथ्याशीच निजू लागले. आणि पायथ्याशी कोण फिरतं? कोवळा पाला शोधणारे महाराज.

असे काही पावसाळे गेले. नियम सुधारायची वेळ आली. कोल्हा पुन्हा हजर.

"काल काय खाल्लंत?"

"पाला. पण..."

"पण काय?"

नियमाला नावं कशी ठेवावीत? अस्वलराव म्हणाले, "पण कमी पडत असेल."

बाकी सगळ्यांनीही पालाच सांगितला. कोल्ह्याला फार बरं वाटलं. नवी दवंडी निघाली. "नियम बरोबर ठरला आहे. मात्र पाला दुप्पट खावा."

त्याच संध्याकाळी डरकाळी अगदी जवळ आली. अस्वलराव कड्याला बिलगले, पण पाय वर उचलेना. तेवढ्यात साळू बिळातून आली आणि काटे फुलवून आडवी उभी राहिली.

महाराज थबकले. "आम्ही पाला बघायला आलो होतो," म्हणाले, आणि सावकाश निघून गेले.

अस्वलरावांना धाप लागली होती. "वहिनी, तुम्हीही पालाच खाता ना? मग एवढ्या ठणठणीत कशा?"

तात्पर्य: ते मी काय सांगणार, बाळांनो. साळूनं अर्धा कंद त्यांच्यापुढं सरकवला आणि जे सांगितलं तेच घ्या. "भावजी, विचारायला आलं की खोटं सांगावं. सगळेच सांगतात. पण आपलंच खोटं ताटात वाढून जेवायला बसू नये."