तांबडीची ये-जा

"या जत्रेला आमच्या घरी कोंबडीचा रस्सा झाला नाही, तर भावकू नाव लावणार नाही!"

बेळगावच्या कचेरीत भावकूने ही प्रतिज्ञा केली, तेव्हा हेडक्लार्क आण्णाप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "पण तुमच्या कोंबड्या तर रोगानं मेल्या म्हणत होता?"

"मेल्या. पण आता मी स्वतः लक्ष घातलंय! रोगाचं मूळ शोधून काढणार. शास्त्र असतं ते, साहेब. आमच्या गावात लोक अजून रोग जावा म्हणून आजारी कोंबडीला हळदकुंकू लावून देवीच्या नावानं शिवेबाहेर सोडतात. काय हा अडाणीपणा!"

"मग आम्ही सगळे येतो जत्रेला," आण्णाप्पा म्हणाले, आणि अख्ख्या कचेरीने माना डोलावल्या.

शिवेबाहेर कोंबडी सोडायला आपणच गेलो होतो, एवढी एक गोष्ट सांगायची भावकू सोयीस्कर विसरला.

जांबोटीच्या अलीकडे त्याचं गाव. लहानपणी आत कोण टिकटिक करतंय ते बघायला त्याने घड्याळ उघडलं होतं. तेव्हापासून घरात घड्याळ नव्हतं, पण भावकूचा चौकसपणा मात्र शाबूत होता. त्याची आई अक्काताई हिचा जीव कोंबड्यांत. प्रत्येकीला नाव, प्रत्येकीच्या खोड्या तोंडपाठ. त्या कोंबड्यांना सर्दी झाली. तोंडं सुजली, डोळे मिटले, नाकं गळायला लागली. सगळ्यांत आधी तांबडी मान टाकून बसली. अक्काताईने रीतीप्रमाणे तिला हळदकुंकू लावलं, दोऱ्यात ओवून गळ्यात हिरवी बांगडी बांधली आणि कडुलिंबाच्या डहाळीसकट बुट्टीत ठेवली.

"वड्यापलीकडं सोडून ये. मागं वळून बघू नगंस."

भावकू निघाला. तेवढ्यात समोरून बेळगावची बस! बसमध्ये कचेरीतलं कुणी असलं तर? भावकूने बुट्टीसकट रस्त्याकडेच्या चरीत उडी मारली. रुमालाने कुंकू पुसलं, बांगडी काढून खिशात टाकली, बुट्टी झुडपात भिरकावली. आता तांबडी म्हणजे नुसती कोंबडी. 'आजारी कोंबडी वेगळी ठेवावी, हे शास्त्रच सांगतं की!' अशी मनाची समजूत घालून त्याने तिला ओढ्यापलीकडे सोडली.

मागे राहिलेल्या कोंबड्याही वाचल्या नाहीत. दिवेलागणीला अक्काताईने सवयीने "या गं, या" म्हणून मूठभर दाणे टाकले आणि कुणी आलंच नाही. ती तशीच उभी राहिली. भावकूला फार वाईट वाटलं.

चार दिवस गेले असतील नसतील, तोच जयाबाईचा नवरा भरमा हजर! जयाबाई म्हणजे भावकूची धाकटी बहीण, ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. भरमाच्या काखेत एक कोंबडी होती.

"घ्या सासूबाई! मोकळं खुराडं बघवत न्हाय."

अक्काताईने कोंबडीकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. आईला गहिवरून आलं असणार, असं भावकूला वाटलं.

त्या कोंबडीच्या जोडीला अक्काताईने आणखी कोंबड्या जमवल्या. खुराडं पुन्हा कलकलायला लागलं आणि पुन्हा सर्दी! आता मात्र भावकूच्या शोधाने जोर धरला. त्याने पाणी हुंगलं, दाणे चावून बघितले. खुराड्यात मुंडी घालून आत काय चाललंय ते पाहिलं आणि शिंकत बाहेर आला. अक्काताईने त्याला आणि कोंबड्यांना एकाच गोधडीखाली घालून ओव्याची धुरी दिली! कोंबड्या निसटल्या, भावकू सापडला. मग त्याचा संशय शेजारच्या नागुबाईच्या कोंबड्यावर गेला. एक अख्खा रविवार तो त्या कोंबड्यामागे फिरला. शेवटी नागुबाईच आडवी आली.

"भावकू, सकाळधरनं बघतोय मी. माझ्या कोंबड्यावर तुझा डोळा हाय व्हय रं?"

अक्काताईने पुन्हा एक कोंबडी नटवली. भावकूने पुन्हा ती चरीत बसून पुसली. आणि पुन्हा भरमा कोंबडी घेऊन आला! 'काय माणूस आहे! मेव्हणा असावा तर असा,' भावकूला वाटलं.

जत्रा आठवड्यावर आली आणि खुराडं तिसऱ्यांदा शिंकायला लागलं. तिसरी कोंबडी ओढ्यापलीकडे सोडून भावकूने खानापूरचा जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कानडी हेलात म्हणाले,

"ही सर्दी वाईट. बरी झालेली कोंबडीसुद्धा रोग आत घेऊन फिरते. वरून ठणठणीत दिसते. ती नव्या कोंबड्यांत मिसळली की झालं! बाहेरची कोंबडी घेतलात काय री घरात?"

"छे! फक्त आमचे दाजी आणून देतात."

"आणि ते कुठून आणतात?"

जगातले सगळे प्रश्न विचारून झाले होते, नेमका हाच राहिला होता. भावकूने सायकल थेट बहिणीच्या गावाला मारली.

भरमा खुशीत होता. "वड्याकाठी घावली, पावणं! डोळं मिटलेलं, नाक गळतंय. आदी हळदकुंकू हाय काय बघितलं. रोग सोडलेली कोंबडी उचलाय मी काय खुळा हाय? पर आंगावर एक ठिपका न्हाय! मग आणली, बरी केली, सासूबाईस्नी दिली. आन गंमत सांगू? फुडच्या खेपेला तीच परत तितंच! लई लळा लागलाय बघा तिला माझा. गुमान परत आणून दिली. न्हायतर सासूबाईस्नी वाटायचं, आपल्याकडं कोंबडीबी टिकत न्हाय."

"म्हणजे... एकच कोंबडी?"

"एकच की! आजबी आलीया. ही बघा."

घरामागच्या परड्यात बांधलेली तांबडी शिंकली. इतके दिवस भावकूने सगळीकडे डोळे फाडफाडून बघितलं होतं. कोंबडीच्या तोंडाकडे तेवढं बघितलं नव्हतं.

"जत्रंला घिऊनच येतो!" भरमा म्हणाला.

नको म्हणायचं तर कुंकू पुसल्याचं सांगावं लागणार. भावकू म्हणाला, "या की, दाजी."

जत्रेच्या दिवशी अख्खी कचेरी पंगतीला बसली. सर्दीने खुराडं पुन्हा रिकामं केलं होतं. पानात झणझणीत रस्सा पडला आणि आण्णाप्पांचं बोट त्यात बराच वेळ फिरत राहिलं.

"भावकू, सगळे बटाटेच लागतायत की हो!"

तेवढ्यात दारात भरमा! बुट्टीतून तांबडी डोकावत होती, चांगली गुबगुबीत. पंगतीत आनंदाची लाट उसळली.

"जावयानं हौसंनं आणलेली कोंबडी कुनी कापतंय व्हय?" अक्काताईने लाट जागीच बसवली. मग भावकूला कोपऱ्यात ओढलं आणि हळूच बोलायला लागली. पण अक्काताईचं हळू बोलणं ओढ्यापलीकडे ऐकू जायचं!

"तांबडी हाय रं ही आपली. मला पयल्या खेपंलाच कळलं. अंड्यातनं भाईर आलेली मी बघितलीया, वळखणार न्हाय व्हय? पर जावयाला कसं म्हणायचं, ही परत घिऊन जा म्हणून? म्हणून दर खेपंला हळदकुंकू लावून तुझ्या हातनं शिवंभाईर धाडली. देवीला नगं आसंल ती, आली परत. ते समदं ऱ्हाऊ दे. मला एवढंच सांग, तिच्या गळ्यात बांदलेल्या माझ्या हिरव्या बांगड्या कुठं गेल्या?"

पंगतीतले घास हवेतच थांबले. आण्णाप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. भरमाने बुट्टी हळूच खाली ठेवली आणि भावकूकडे बघायला लागला. बुट्टीत तांबडी शिंकली.

"साहेब," भावकू म्हणाला, "अजून थोडा बटाटा वाढू?"