कारभारी नानांची अनोळखी चिप

आमच्या शेजारचे कारभारी नाना माणसाला कधी 'तुम्ही कोण, कुठले' असं विचारत नाहीत. पाहुणा चहा पिऊन उठून गेला तरी त्याचं नाव यांना कळलेलं नसतं. पण कुणाच्या घरात कम्प्युटर दिसू दे, लगेच मान ताठ होते, खिशातला दोरी बांधलेला पेन ड्राइव्ह बाहेर येतो आणि नाना खुर्ची ओढून बसतात. "थांबा जरा. आधी ह्येला इचारू, ह्यो कोन हाय."

नानांचं आयुष्य इथे राहुरीत माती तपासायच्या प्रयोगशाळेत गेलं. लोक पिशवीवर 'काळी, कसदार' लिहून आणायचे आणि आत निघायचा मुरूम. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "वरच्या चिठ्ठीवर जाऊ न्हाई बाई, आतल्याला इचारावं." मातीची नोकरी संपली, मग ते मदरबोर्डाकडे वळले. मदरबोर्ड म्हणजे कम्प्युटरच्या पोटातली ती हिरवी पाटी, जिच्यावर काळ्या चौकोनी चिपा बसवलेल्या असतात. तो पेन ड्राइव्ह लावायचा, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचं. मग आतला प्रोग्रॅम बोर्डावर फिरून कुठे कुठली चिप बसली आहे ते सांगतो. ओळीच्या सुरुवातीला 'सुडो' असा एक शब्द लिहावा लागतो. मी शाळेत कम्प्युटर शिकवते (म्हणजे माझ्या गळ्यात ते लोढणं अडकवलंय), तरी तो शब्द मला कधी नीट कळला नव्हता. नाना म्हणाले, "त्यो सरपंचाचा शिक्का हाय. त्याबिगर आत घेत न्हाईत."

या खुळापायी या माणसाने माझ्या पुतणीचं लग्न मोडायचं बाकी ठेवलं होतं. स्थळ श्रीगोंद्याचं. वडीलधारं कुणी सोबत असावं म्हणून आम्ही नानांना नेलं, आणि हे तिथे हॉलमधल्या कम्प्युटरसमोर जाऊन बसले. इकडे आमची देण्याघेण्याची नाजूक बोलणी चाललेली, कांदेपोहे फिरताहेत, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "पोराचं मला ठाव न्हाई, पन ह्यो गडी खोटं बोलतोय. वर स्टिकर नव्याचं, आतली चिप जुनी!" मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. मुलगा मात्र खो खो हसत सुटला. त्याच्या हसण्यावर आमची पोरगी भाळली आणि लग्न जमलं. तेव्हापासून जावईबापू मेलेले बोर्ड गोळा करून नानांना पाठवत असतात.

पण नानांचं खरं दर्शन घ्यायचं तर दुपारी त्यांच्याकडे जावं. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आलेली असते. पलीकडे उसाला तुरे आलेले, कालव्याचं पाणी संथ चाललेलं. नाना एखादा बोर्ड हातात घेऊन उन्हात धरतात आणि नुसते बघत बसतात. "बाई, डोंगरावरून गाव बघावं तसं दिसतं न्हाई का? ह्ये रस्ते. ह्या पान्याच्या टाक्या. आन ही काळी घरं. आपुन एंटर मारला, की कुनीतरी दारोदार जातं, कडी वाजवतं. हाय का कोन? न्हाई. फुडं. हाय का कोन? न्हाई. आन मग एका घरातून आवाज येतो, हाय!" मी वह्या तपासायच्या सोडून ऐकत राहते. दुपार कुठे जाते कळत नाही. मलाही त्या हिरव्या पाटीवर एखादी बाई दार उघडून उभी दिसायला लागते. वेड लागायचं लक्षण, दुसरं काय!

खिडकीखाली पाटावर एक बोर्ड कायम मांडलेला असतो. त्याला डबा नाही, वर फक्त मंदाकाकूंनी विणलेला रुमाल. मंदाकाकू म्हणजे नानांची बायको. त्या जाऊन बरेच दिवस झाले. हा बोर्ड त्यांच्या लेकीचा, वैशूचा, कॉलेजात असताना तिने स्वतः जोडलेला. वैशू आता तैवानला चिपांच्याच कंपनीत आहे. दर रविवारी चारला तिचा फोन येतो. त्याआधी नाना त्या बोर्डाला विचारून बघतात, आणि एका चिपेपाशी दर वेळी गाडी अडते. 'अनोळखी' असं येतं आणि पुढे चार अक्षरं. मग फोनवर सुरू. "वैशू, आजपन वळखना गं. लिहून घे. आठ, सात, सी, एक." तिकडून वैशू म्हणते, "बघते हं नाना." मग अर्धा तास त्या चिपेवर खल, त्यातूनच हवापाणी, तिथलं ऑफिस, इथला कांदा, सगळं निघतं.

एका रविवारी नाना चहा टाकायला आत गेले होते. माझ्याकडे शाळेसाठी केलेला नवा पेन ड्राइव्ह होता, त्यात तोच प्रोग्रॅम, पण ताजा, जास्त चिपा ओळखणारा. म्हटलं, म्हाताऱ्याचं एक काम करून टाकू. लावला, एंटर मारलं आणि चिपेचं नाव ठसठशीत समोर! मी ओरडले, "नाना, सापडली!"

नाना चहाचं पातेलं तसंच हातात घेऊन आले. पडद्याकडे बघितलं. आनंद नाही, काही नाही. वाकून त्यांनी बटण बंद केलं.

"मला ठाव हाय बाई. लई दिसांपासून ठाव हाय. नवं लावलं की ती वळखू येती, म्हनून तर मी जुनंच ठेवलंय."

"अहो, पण का?"

"वैशूचा फोन आला की मी काय म्हनायचो? थांब, आईला देतो. जल्मभर तेवढंच बोललो तिच्यासंगं. तिची आई गेल्यावर पहिला फोन आला, तवा बी त्वांडातून तेच निघालं. थांब, आईला देतो. आता कुनाला देऊ? मग नुसतं जेवलीस का, जेवलो, आन दोगंबी गप. एक दिस चिपेचं इचारलं, तवा पोरगी बोलाया लागली. ही चिप वळखू आली, तर फुडच्या रविवारी बोलू काय?" मग पातेलं खाली ठेवून म्हणाले, "वैशूला सांगू नका."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या राहुरीला माहीत आहे. तरी मी गप्प बसले.

दिवाळीला वैशू आली. माझ्याकडे करंज्या लाटायला बसली होती. मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं, "काय गं, सापडली का ती चिप?" तिचं लाटणं थांबलं. "काकू, तुम्हाला म्हणून सांगते. नानांनी पहिल्यांदा आकडे वाचले ना, तेव्हाच मला कळलं होतं. आमच्याकडे ते कुणीही सांगेल. पण सांगून टाकलं तर परत आम्ही 'जेवलीस का'वर येऊ. त्यांना सांगू नका हं." मी करंजीच्या कडा दाबत बसले.

आणि मग परवाच्या रविवारी तो बोर्ड बंद पडला. त्याच्यावरचा छोटा पंखा फिरेना, पडदा उजळेना. मी गेले तर नाना घामाघूम. वायरी बदलल्या, ब्रश मारला, फुंकर मारली, हात जोडले. बोर्ड काही उठेना. चार वाजत आले तसा त्यांचा चेहरा रडवेला झाला. "बाई, आता तिला काय इचारू?" तेवढ्यात फोन वाजलाच.

"नाना, आज पंख्याचा आवाज येत नाही मागे?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "बंद ठिवलाय. थंडी लई हाय." मग एक हात त्या रुमालावर ठेवला, डोळे मिटले आणि काळ्या पडद्यासमोर बसून म्हणाले, "आजपन वळखना गं वैशू."

मग तिचा आवाज आला, थोडा जड. "असं का? बरं, वाचा आकडे. सावकाश वाचा, मी लिहून घेते."

"आठ," नाना म्हणाले. "सात. सी. एक."

"परत एकदा."

नानांनी परत वाचले. त्या दिवशी ते तासभर बोलले. मंदाकाकूंच्या पुरणपोळीपर्यंत गोष्ट गेली, आणि तिथपर्यंत ती याआधी कधीच गेली नव्हती. फोन ठेवला तेव्हा नानांचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर चोरी पचलेल्या पोराचं हसू. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "फसली बघा पोरगी! काय बी कळलं न्हाई तिला."

मी पदराने नाक पुसलं आणि म्हटलं, "नाही हो नाना. काही म्हणता काही कळलं नाही."