मांजरीपुढे कोंबडीचा अर्थ

बायकोचे मामा दात बसवायला म्हणून आठ दिवसांसाठी आले, त्याला आता सव्वा महिना झाला होता. दात बसले होते आणि मामाही. घरातल्या एकुलत्या एक पलंगावर ते झोपत, आणि पलंगाचा धनी स्वयंपाकघरात, फ्रीज आणि भिंत यांच्या मधल्या जागेत. हा धनी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा त्याला पगार मिळे, पण मामांना घरातून कसं काढावं हे त्याला सुचत नव्हतं.

सोमवारी मामांनी आपणहून बॅग भरली. मंगळवारी सकाळी ती रिकामी केली.

"जावईबापू, पहाटे स्वप्न पडलं. मांजर आणि तिची चार पिल्लं, अगदी उशाशी! आणि तुमचं पुस्तक काय म्हणतंय बघा."

पुस्तक म्हणजे स्वप्नात प्राणी आणि त्यांची पिल्लं दिसली तर काय समजावं, ते सांगणारं. याच जावयाने तपासलेलं आणि हौसेने घरी आणलेलं. मामांनी बोट ठेवलं : 'मांजर व पिल्ले : जागा सोडू नये.'

"अहो मामा, मांजर तर पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरते!"

"छापलंय ना? मग झालं तर."

त्याने छापखान्यात जाऊन हस्तलिखित काढलं आणि छापलेल्या पुस्तकाशी ताडून पाहिलं. गाय-वासरापुढचा अर्थ छापताना गळला होता, आणि खालचे सगळे अर्थ एकेक ओळ वर सरकले होते. मांजरीला कोंबडीचा, कोंबडीला शेळीचा. शेवटच्या माकडिणीला तर काहीच उरलं नव्हतं, तिच्यापुढे कुणीतरी एक फूल छापलं होतं. हजार प्रती बांधून विक्रीला निघायच्या बेतात होत्या. मालक महातापट, त्यांना कळलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

"मग एकच शुद्धिपत्र छापा, आपल्या प्रतीपुरतं," दुपारी घरी त्याने हे सांगितल्यावर बायको म्हणाली. "मालकांना कोण सांगायला जातंय? आणि माझे मामा असले म्हणून काय झालं, मी पण कंटाळलेय."

त्याने मशीनवाल्याला बाजूला घेतलं. "एकच काढ हं. आणि कुठे बोलू नकोस."

संध्याकाळी मामांनी शुद्धिपत्र वाचलं : 'मांजर व पिल्ले : मुक्काम हलवावा.' ते ताडकन उठले.

"अहो, मग मी बसलोय काय इथे! रिक्षा बोलवा!"

दुसऱ्या दिवशी तो शीळ घालत कामावर गेला. मशीनवाला वाटच बघत होता.

"एका कागदासाठी मशीन कोण लावतं, साहेब? हजार काढली. सगळ्या पुस्तकांत घातली पण. एक मालकांच्या टेबलावर ठेवलंय."

"अरे, बोलू नकोस म्हटलं होतं ना!"

"बोललो कुठे? नुसतं ठेवलं."

तेवढ्यात मालकांनी बोलावलं. तो घाम पुसत आत गेला. पण मालक चक्क शांत होते.

"चूक कुणाची होत नाही? उलट तुम्ही आपणहून सुधारलीत. असा प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळत नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं," मालक पुढे म्हणाले. "तपासणीचं काम कॉम्प्युटरवर टाकायचं आणि एक माणूस कमी करायचा, असं मी पंधरा दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. नेमकं त्याच पहाटे स्वप्नात गाढवीण आली, सोबत शिंगरू. पुस्तक उघडलं, तर 'जुन्या माणसास दुखवू नये.' म्हटलं, राहू दे. गप्प बसलो." त्यांनी शुद्धिपत्र त्याच्याकडे सरकवलं. "माझा चष्मा घरी राहिलाय. खरा अर्थ काय आहे, तेवढा वाचता?"

त्याला वाचायची गरज नव्हती.

"'ओझे उतरवावे,'" तो म्हणाला.

"नक्की? की यातही काही चूक आहे?"

"नाही साहेब," तो म्हणाला. "मी स्वतः दोनदा तपासलंय."