नवव्या दिवसाची मगर

मुलांनो, मांडी घालून बसा आणि ऐका. एका जंगलात एक नदी होती. ती पहिल्यापासूनच होती. पण एका परदेशी करकोच्याने तिचा शोध लावेपर्यंत ते कुणाला अधिकृतपणे ठाऊक नव्हतं.

शंभर वर्षांनी त्या करकोच्याचा खापरपणतू आला. काखेत खापरपणजोबांची वही. तेच दिवस, तीच वाट, सगळं वहीबरहुकूम करायचं, असा त्याचा पण होता. पंख असूनही तो होडीतून निघाला, कारण वहीत होडी होती. वाटाड्या म्हणून त्याने बुधाजी पाणमांजराला घेतलं. पहिल्या मोहिमेचा वाटाड्या बुधाजीचा खापरपणजोबाच होता ना!

वहीत चहा होता तिथे चहा झाला. वहीत ताप होता तिथे करकोचेसाहेब दोन दिवस ठणठणीत अंगाने कण्हत पडले. बुधाजीला मोठी मजा वाटली.

आठव्या दिवशी त्याने विचारलं, "साहेब, उद्या काय?"

साहेबांनी वाचलं, "'वाटाड्याला मगरीने गिळलं. मला बघवेना, मी डोळे मिटले.'"

बुधाजीची पाचावर धारण बसली. "अहो, आमचे खापरपणजोबा म्हातारे होऊन घरी अंथरुणात गेले! आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे."

"वहीत नाही."

"घरी पोरं आहेत हो माझी. एवढं पान गाळा ना!"

"शिस्त म्हणून काही आहे की नाही?" साहेब म्हणाले.

सकाळी त्यांनी चंद्राक्का मगरीला अदबीने विनंती केली आणि डोळे घट्ट मिटले.

चंद्राक्का बुधाजीच्या कानाशी आली. "मेल्या, थरथरतोस काय? पाणमांजर कोण खातं? दातांत केस अडकतात. तुझा खापरपणजोबा ओझी वाहून विटला होता. माझ्या खापरपणजीने त्याला पाठीवरून घरी सोडलं, आणि वर आळ तिच्यावरच! चल, बैस."

बुधाजी जेवायच्या वेळेला घरी पोचला. पोरांना पोटाशी धरून ढसाढसा रडला.

इकडे साहेबांनी डोळे उघडले. वाटाड्या नाही! त्यांना फार वाईट वाटलं, आणि वही खरी ठरली म्हणून बरंही वाटलं. घरी जाऊन त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं. नदीकाठी बुधाजीचा दगडी पुतळा उभारला.

आता तो पुतळा बघायला लांबलांबून करकोचे येतात. त्यांना होडीतून बुधाजीच नेतो.

"तुम्ही ओळखत होतात त्यांना?" कुणीतरी विचारतंच.

"अहो, मीच तो! आणि पुतळ्याचं नाक चुकलंय."

करकोचे एकमेकांकडे बघतात आणि टिपून घेतात : 'स्थानिकांना त्याच्याविषयी फारशी माहिती नाही.'

तात्पर्य : मुलांनो, थोर व्हायचं असेल तर वेळेवर मगरीच्या पोटात जावं. जेवायला मात्र घरी यावं.