पापडखाराचा लेप

जगात असा डाग नाही, जो लोणारच्या खारानं निघत नाही! हे मी भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत असे. सांगणारच! सरोवराच्या खाराचा सरकारी ठेका ज्यांच्याकडे होता, त्यांच्या गोदामावर मी कारकून होतो. आमचा खार नागपूरपर्यंत जायचा. पापडात पडायचा, साबणात पडायचा, धोब्याच्या भट्टीत पडायचा. जन्मात एक पापड न लाटलेला मी त्या खाराचा अभिमान मिरवत गावभर हिंडायचो.

माझी बायको कोकिळा. नाव अगदी शोभणारं! तिच्या माहेरी, सुलतानपूरला, ती गायल्याशिवाय कोणाच्या अंगाला हळद लागत नसे. त्या वर्षी तिच्या गळ्यावर गाठ आली. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती कापून काढली. गाठ गेली, आवाज राहिला आणि मुख्य म्हणजे माझी कोकिळा राहिली. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडलो होतो, ते सोडा. गळ्यावर मात्र एक आडवी, जाड, काळीकुट्ट रेघ उमटली.

“आपल्या सावळ्या कातडीवर वण आधी काळा पडतो,” बाई म्हणाल्या. “वर्ष-दीड वर्षात फिका होईल. खोबरेल लावा, ऊन लागू देऊ नका. आणि घरी भलते प्रयोग करू नका!”

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून का बोलल्या, कोण जाणे!

कोकिळा घरी आली ती गळ्याभोवती पदर आवळूनच. गाणं बंद. गाताना मान वर होते, मान वर झाली की रेघ दिसते. अशात तिच्या धाकट्या बहिणीचं, शालूचं लग्न नांदुऱ्याला ठरलं.

“हळदीले गाशीन ना?” मी विचारलं.

“येईन. गाणार नाही,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “नांदुऱ्याचे पाहुणे हायेत. म्हणतीन, हिचा गळा कोणं कापला?”

“अन डाग गेला तं?”

“तं गाईन. पण डॉक्टरीणबाई म्हणे वर्ष लागन. लग्न तं आलं तोंडावर.”

“वर्ष? अवं, आपल्याजवळ खार हाय!”

ती काही बोलायच्या आत मी गोदामात पोचलो होतो.

खार, हळद आणि वरून लिंबू. लिंबू पिळताच वाटी अशी फसफसली की मी खूशच झालो. औषधात दम होता! पण थेट कोकिळेच्या गळ्याला कसं लावणार? तो काय धोब्याकडचा धोतरजोडा आहे? आधी आपल्यावर बघू. टाचेवर लावून उपयोग नव्हता, कातडी गळ्यासारखी नाजूक हवी. म्हणून गाल निवडला. लेप थापला, बाजेवर आडवा झालो आणि दुपारच्या वाऱ्यानं डोळा लागला.

जाग आली ती बोंब मारतच! कोकिळा धावत आली. तांब्यावर तांबे पाणी ओतत सुटली.

“अहो, काय करून घेतलं हे?”

“तुह्यासाठीच... आधी माह्यावर पाहून राह्यलो होतो.”

ती पाणी ओतत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

लग्नापर्यंत खपली पडली आणि खालून निघाला छोट्या पापडाएवढा काळा डाग! मग काय, बैलांच्या दमणीत बसून आम्ही निघालो. तिच्या गळ्याला पदर, माझ्या तोंडाला उपरणं. पाटलाच्या घरी डाका घालून पळालेली जोडी दिसत असणार.

“जावईबापू, दाढ दुखून राह्यली काय?” सासरे भगवंतराव मांडवातच म्हणाले.

“हो!” मी सुटकेचा श्वास टाकला.

टाकायला नको होता. सासूबाई लवंग घेऊन आल्या. कोणी शेकायला तवा आणला. कोणी म्हणे आ करा, कोणी म्हणे दाढच उपटा! त्या झटापटीत उपरणं सुटलं. सगळा मांडव माझ्या गालाकडे बघू लागला.

नवरदेवाची आत्या पुष्पाबाई, नांदुऱ्याची, कोकिळेच्या आवळलेल्या पदराकडे बोट दाखवत उठली. “आधी बायकोच्या गळ्याले, आता नवऱ्याच्या गालाले! हा रोग लागते बाप्पा! अन नवरी हिची सख्खी बहीण! थांबवा हळद!”

“अहो, रोग नाही, हा तर खार...” मी ओरडलो.

“मंघानी तं दाढ म्हणत होते!”

भगवंतरावांचा चेहरा उतरला. पाटावर बसलेली शालू मुसमुसू लागली. माझ्या एका थापेपायी पोरीचं लग्न मोडायची वेळ आली होती!

तेव्हा कोकिळा उठली. सरळ पुष्पाबाईंपुढं जाऊन तिनं पदर सोडला आणि मान वर केली.

“पाहा. हात लावून पाहा. इथं गाठ होती, डॉक्टरीणबाईनं काढली. बरी झाली मी. हे लागत नाही कोणाले. लागत असतं तं दवाखान्यात माह्या उशापाशी बसून राह्यले, तवाच लागलं असतं ह्याईले.”

“मंग गालाले काय झालं?”

“पापडखार!” कोकिळा म्हणाली. “माह्या वणाले लावाचा होता. मले पोळू नाही म्हणून आधी सोताच्या गालाले लावून पाह्यला.”

पुष्पाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कोकिळेच्या गळ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“माह्यावाल्यानं तं आधी मलेच लावला असता बाप्पा!”

मांडव हसून हसून लोटपोट झाला. नांदुऱ्याचे एक काका तेवढे खाली मान घालून पान जुळवत बसले. पुष्पाबाईंनीच हळदीची वाटी उचलली.

“गाय वं पोरी आता. काऊन थांबली?”

कोकिळेनं पदर परत ओढला नाही. ती गायली. मान वर करून, मोकळ्या गळ्यानं. सुरासोबत ती काळी रेघ वर जात होती, खाली येत होती. तिच्याइतकं सुंदर त्या मांडवात काही नव्हतं, नवरीसुद्धा नव्हती! मला राहवेना. डोळ्यांतून धार लागली आणि नेमकी त्याच गालावरून वाहू लागली.

भगवंतराव माझ्या कानाशी वाकले.

“रडू नका, जावईबापू. झोंबन.”

झोंबतच होतं हो!