मार्तंडजींचा कोरा बार

श्रीसूर्यनारायण समर्थ. ज्याचे उजेडावाचून छबी उमटत नाही, त्यास प्रथम वंदन, आणि मग मजकूर लिहिणे तो ऐसा की, शके १८८९ प्लवंगनाम संवत्सरे, माघ शुद्ध त्रयोदशीस थोर गाणारीण शेवंताबाई वाळवेकर यांची स्वारी आमचे गावी आली. बाईंचा जन्म इथलाच, परंतु वयाचे बाराव्या वर्षी गेल्या त्या चाळीस वर्षांनी आल्या, आणि मधल्या काळात रेडिओच्या वाटेने घरोघर त्यांचा अंमल बसला होता. हायस्कुलाचे पटांगणी सत्कार जाहला. छब्यांची कामगिरी मार्तंडजी तांबट फोटोवाले यांजकडे. त्यांपाशी बारा फोटोंचा एक रोल, आणि बाईंशेजारी उभे राहणारे मानकरी पाहावे तो साठ. मग मार्तंडजींनी कोरा बार काढिला. कोरा बार म्हणजे कॅमेरा रोखावा, फ्लॅश उडवावा, आणि खटका दाबू नये. उजेड पडतो, मानकरी संतोष पावतो, फिल्म वाचते. पुढे कोणी फोटो मागू आला तर बोलावे, "साहेब, नेमके आपले डोळे मिटले." मिटल्या डोळ्यांचा फोटो थोर मनुष्य मागत नाही, हे मार्तंडजी वीस वर्षांचे अनुभवाने जाणत होते.

मग मानकरी फराळास बसले आणि बाई गर्दी चुकवून मागील दाराने निघाल्या. तेथे मोटार, ड्रायव्हर आणि पाठोपाठ आलेले मार्तंडजी, येवढेच. इतक्यात भिंतीआडून तान्हूबाई कासारीण बांगड्या घेऊन पुढे जाहली. ड्रायव्हर आडवा आला, तो बाईंनीच हाक दिली, "कोण, तान्हे? अगं, दात कुठं गेले तुझे?" तान्हूबाई बोलली, "तुझा गळा राहिला, माझे दातबी न्हाई राहिले. हात दे इकडं." आणि मोटारीचे दारातच दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. बाईंनी तिचे गळ्यात हात घातला आणि म्हणाल्या, "फोटोवाले, हा काढा हो. मला नको, हिला द्या." फ्लॅश उडाला, उभयतां हसल्या, मोटार गेली. मग मार्तंडजींनी कॅमेऱ्याचे पाठीवरील आकडा पाहिला. अकरा फोटो जाहले होते, बारावा तैसाच शिल्लक. दिवसभर बोटास जे वळण लागले त्या वळणाने बोट वागले, आणि जो खरा काढावयाचा तो हा फोटोही कोरा गेला.

मंगळवारी, बाजाराचे दिवशी, तान्हूबाई दुकानी आली. मार्तंडजी सवयीने बोलले, "मावशी, नेमके तुमचे डोळे मिटले." ती म्हणाली, "मिटंनात का. सुनंला तोंड वळखू आलं म्हंजी झालं. ती म्हनती, सासूबाई थापा मारत्यात." मग "धुवायला टाकलाय" म्हणून मार्तंडजींनी तीन मंगळवार लोटले. चौथे मंगळवारी ती आली नाही. मार्तंडजी सुटलो म्हणून बसले, आणि बसवेना, तेव्हा आपण उठून कासारआळीस गेले.

तेथे पाहतात तो तान्हूबाईच्या हातात नगराध्यक्षांच्या पत्नीचा हात. या बाईंचाही फोटो कोरा होता, आणि त्यांसही मिटल्या डोळ्यांचे सांगितले होते. बोलावे तर साठही मानकऱ्यांस संध्याकाळपर्यंत कळते, आणि लग्नसराई तोंडावर, वर्षाची निम्मी भाकरी तीतली. सून बोलली, "या फोटूवाले. आमच्या सासूबाईंची लई वरपत्तुर वळख. पुढल्या बाजारी राष्ट्रपती यायचेत बांगड्या भरायला." तान्हूबाईने मान वर केली नाही. मग मार्तंडजी बोलिले, "फोटो नाही. मी नुसता उजेड पाडला, खटका दाबलाच नाही. पण बाईंनी यांना 'तान्हे' म्हणून हाक मारली आणि गळ्यात हात घातला, हे मी पाहिलं." अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आणि माझे मिटलेले डोळे?" मार्तंडजी बोलिले, "वहिनीसाहेब, डोळे चांगले उघडे होते. फोटोच काढला नाही." त्यांनी हात ओढिला, तो दोन बांगड्या तडकून वाढल्या, आणि अध्यक्षीणबाई तैशाच चालत्या जाहल्या.

सून मार्तंडजींकडे वळली. मग म्हणाली, "सोताचं घर बुडवून खोटं कोन बोलंल?" आणि सासूपुढे पाट ओढून बसली. "सासूबाई, पयल्यांदा काय म्हनाल्या त्या? दाताचं काय ते?" मग तान्हूबाईने आरंभापासून सांगितले, आणि जेथे अडली तेथे मार्तंडजींनी भर घातली.

त्या लग्नसराईत मार्तंडजींची सात कामे ठरली होती, त्यांतील पाच गेली. मानकरी मात्र प्रत्येक जण ऐसेच म्हणे की माझा फोटो खरा होता, बाकीच्यांचे कोरे. पुढे शेवंताबाई निवर्तल्या, तान्हूबाई निवर्तली. अकरा छब्या पिवळ्या पडून कोणाचे भिंतीवर, कोणाचे माळ्यावर गेल्या.

बारावी छबी सुनेपाशी राहिली. गिऱ्हाइकाचे हातात बांगडी सरकविता सरकविता ती तो प्रसंग सांगे, आणि म्हातारपणी सांगताना त्यात ती स्वतःही मोटारीशेजारी उभी असे. मार्तंडजी कधी तेथे बसले असले तर ऐकत, आणि दुरुस्ती करीत नसत. येणेप्रमाणे वर्तमान जाहले.