चाळणीत अडकलेले साहेब

बँकेतल्या नव्या तपासणी यंत्रणेला सगळे ‘चाळणी’ म्हणत आणि ती आणणाऱ्या अधिकारी बाईंना, अर्थात त्यांच्या माघारी, ‘चाळणीबाई’. ग्राहकाचं नाव आणि जन्मतारीख टाकली, की चाळणी ती जगभरच्या फरारी लोकांच्या यादीशी ताडून बघे. जुळलं तर लाल चौकट, नाहीतर हिरवी. बाई सहा महिने तिच्यासाठी खपल्या होत्या. पण शाखाप्रमुखांचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्यातले एक जण, बँकेच्या मोठ्या साहेबांच्या खालोखाल ज्येष्ठ, सगळ्या बँकेत ‘शंकासुर’ म्हणून ओळखले जात. आपण माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, त्याला यंत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

शाखाप्रमुखांच्या सह्या मिळाल्या नाहीत तर चाळणी गुंडाळायची, असं ठरलं होतं. म्हणून बाईंनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि पडद्यावर दोन-चार नावं तपासून दाखवली. सगळी हिरवी. शंकासुरांनी सावकाश जांभई दिली. बाईंचा उतरलेला चेहरा बघून मोठे साहेबच मदतीला धावले.

“माझं नाव टाका,” ते म्हणाले. “साहेबाला तपासलं की बाकीच्यांची तक्रार राहणार नाही.”

बाईंनी नाव टाकलं. पडदा लालभडक झाला.

कुठल्याशा दूरदेशी तीन जहाजं घेऊन पसार झालेला एक भामटा होता. नाव साहेबांचंच, जन्मतारीखही तीच. शंकासुर खुर्चीत सरसावून बसले आणि त्यांनी अतिशय आदराने विचारलं, की साहेबांना बसायला सांगायचं की पोलिसांना बोलवायचं?

एक बटण दाबून ती चौकट घालवणं बाईंच्या हातात होतं. पण मग यंत्रणा मोठ्यांना सोडते असं सगळे म्हणाले असते, आणि ते खोटंही नसतं. तो माणूस तुम्ही नव्हे याचा काही कागद आहे का, असं बाईंनी नियमाप्रमाणे साहेबांना विचारलं.

साहेब हसायला गेले, पण त्यांच्याबरोबर कोणी हसेना. शेजारच्या दोघांनी तर खुर्च्या जराशा सरकवून घेतल्या. साहेबांना घाम फुटला.

“अहो, ती माझी खरी जन्मतारीखच नाही,” ते बोलून गेले. “वडिलांनी शाळेत घालताना अंदाजाने सांगितली होती. माझ्या ताईला विचारा हवं तर.”

सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला गेला. पलीकडून थोरल्या बहिणीने आधी साहेबांच्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग, जन्माचा दाखला आपल्याच कपाटात आहे आणि शाळेत याला चांगलं दोन वर्षांनी लहान करून घातलं होतं, असं ठणकावून सांगितलं. पाच मिनिटांत दाखल्याचा फोटो आला. बाईंनी नवी तारीख टाकली. चौकट हिरवीगार.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी हात उंचावून तो स्वीकारलासुद्धा. फक्त कर्मचारी विभागाचे प्रमुख टाळ्या वाजवत नव्हते. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

“म्हणजे साहेब,” ते चाचरत म्हणाले, “तुम्ही मागच्याच वर्षी निवृत्त झालात.”

मग शंकासुर उठले. एवढी वर्षं साहेबांच्या हाताखाली काढली, पण चेहऱ्यावरून हे आपल्याला कधी कळलं नाही, अशी त्यांनी भरल्या गळ्याने कबुली दिली. अशी यंत्रणा आजच्या आज सुरू व्हायला हवी, असं म्हणत पहिली सही ठोकली. बाकीच्यांची रांग लागली.

बाई कागद गोळा करेपर्यंत सभागृह रिकामं झालं होतं. साहेब एकटेच त्या हिरव्या चौकटीकडे बघत बसले होते. आता आपली खैर नाही, असं बाईंना वाटलं. पण साहेबांनी दाराकडे एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“बाई,” ते म्हणाले, “थोडे दिवस मला परत संशयित करता येईल का?”